टार्गेट, सिटिंग आणि समोरचा पेशंट: तुम्ही ‘नाही’ कुठे म्हणता?

रानजाई
रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यातल्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात नोकरी करते. रुग्णालयाचं नाव लिहिणार नाही, कृपया विचारू नका. इथे डॉक्टर, सिस्टर, लॅबवाले, ऑफिसवाले असे बरेच जण लिहितात म्हणून हा धागा काढते आहे.

आमच्याकडे या वर्षापासून प्रत्येक थेरपिस्टला दिवसाचं टार्गेट आहे. वॉर्डाचे पेशंट वेगळे, ओपीडीचे वेगळे. महिन्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांची नावं आणि आकडे पडद्यावर लावतात. एका पेशंटला वीस मिनिटं, असं सॉफ्टवेअरमध्येच बसवलेलं आहे. ओपीडीत त्याचा परिणाम असा होतो की एकाला आयएफटी (विजेच्या सौम्य प्रवाहाचं मशीन) लावायची, दुसऱ्याला शेक, तिसऱ्याला ट्रॅक्शन (मान-कंबर ताणणारं मशीन), आणि आपण पडदे सरकवत फिरत राहायचं. मशीन चालू असलं की बिलात सिटिंग, म्हणजे उपचाराची एक खेप, झालेलं दिसतं. पण व्यायाम शिकवायला, तो नीट करतोय का ते बघायला, घरी कमोड आहे की भारतीय संडास एवढं विचारायलाही वेळ उरत नाही. गुडघ्याच्या झिजेला व्यायामासारखा गुण मशीननं येत नाही, हे आम्ही कॉलेजातच शिकलेलो असतो.

वॉर्डाचं सांगते. गुडघा बदललेल्या सत्तरीच्या आजोबांना पहिल्यांदा उभं करायचं असतं. आधी गुंगी उतरली आहे का, पायात ताकद आली आहे का ते बघायचं. ड्रेन आणि लघवीची पिशवी सांभाळत त्यांना पलंगाच्या कडेला आणायचं, पाय खाली सोडून बसवायचं. चक्कर येते का विचारायचं, बीपी बघायचं, पाच मिनिटं थांबायचं. वॉकरची उंची त्यांच्या मापाची करायची. मोजे घातलेले असतील तर काढायचे, नाहीतर फरशीवरून पाय सटकतो. आजी शेजारी घाबरून उभ्या असतात, त्यांनाही धीर द्यायचा. मग उभं करायचं, चार पावलं टाकायला लावायची, परत बसवायचं. चाळीस मिनिटं सहज जातात. घाई केली आणि आजोबा पडले, तर नवीन सांध्याचं काय होईल ते सांगायला नको. सॉफ्टवेअर मात्र विसाव्या मिनिटाला लाल होतं.

इथपर्यंत मी ओढाताण करून निभावते. अडचण पुढची आहे. आयसीयूत दिवसातून दोनदा चेस्ट फिजिओ (छातीतला कफ सुटावा म्हणूनची थेरपी) लिहिलेला असतो. संध्याकाळच्या शिफ्टला एकच जण असतो, सगळीकडे पोचणं होत नाही. बिल दोनदाचं लागतं आणि फाईलमध्ये दोन नोंदी असाव्या लागतात. ‘सकाळच्या नोंदीखालीच संध्याकाळची टाकून दे, सगळेच टाकतात,’ असं मला सांगण्यात आलं. मी नाही म्हटलं. अप्रेझल तोंडावर आहे आणि ‘टीममध्ये मिसळत नाही’ हा शेरा मिळेल असं दिसतंय.

मला टार्गेटच नको, असं माझं म्हणणं नाही. रुग्णालय चाललं पाहिजे, पगार झाले पाहिजेत. पण तुमच्या तुमच्या जागी तुम्ही कुठपर्यंत जुळवून घेता आणि कुठे थांबता? आणि थांबलात तर ते वरच्यांना कसं सांगता?

गिरणाकाठ
रविवार, रात्री ११:२५

रानजाई, बाळा, नाही म्हणालीस ते फार बरं केलंस.

मी सरकारी रुग्णालयातून इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. आमच्याकडे टार्गेट असा शब्द नव्हता, पण दडपण तेच. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिक्षण रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, आणि आयसीयूत एकास एक. माझ्या वॉर्डात खाटा चाळीस, खाली गाद्यांवरचे वेगळे, आणि रात्रीला सिस्टर एक, फार तर सोबत विद्यार्थिनी. अशा रात्री चार-चार तासांनी प्रत्येकाचं टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी घेणं माणसाच्या आवाक्यातलं नसतं. मग काय होतं ते सगळ्या सिस्टरना माहीत आहे. पहाटे चार्ट पुढ्यात घेऊन एका बैठकीत भरले जातात. सगळ्यांची नाडी ८०, सगळ्यांचं बीपी १२०/८०.

एकदा सकाळी चार्ज घेतला. सिझेरियनची पेशंट होती, आदल्या रात्रीच्या तिन्ही नोंदी ८०, ८०, ८०. पोरगी पांढरी पडलेली दिसली म्हणून मनगट धरलं. नाडी ११८, हात गार, घाम. आत रक्तस्राव चालू होता. डॉक्टरांना बोलावलं, पुन्हा टेबलावर घेतलं, रक्त दिलं, वाचली. त्या तीन खोट्या ऐंशींमुळे कोणाला काही कळलंच नव्हतं. चार्ट कोरा असता तरी कोणीतरी आधी जाऊन बघितलं असतं. कोरा चार्ट निदान विचारायला भाग पाडतो.

तेव्हापासून माझ्या वॉर्डात मी नियम केला. घेतलं तर लिहायचं, घेतलं नाही तर ‘घेता आले नाही’ असं लिहायचं. आणि ड्यूटी रिपोर्ट बुकात त्या रात्री खाटा किती, जमिनीवर किती, स्टाफ किती, हे रोज लिहायचं. मेट्रन मॅडम आधी रागावल्या. मग एका चौकशीत त्याच बुकामुळे माझ्या वॉर्डातल्या दोन सिस्टर मुली वाचल्या, कारण त्या रात्री त्या दोघींवर बावन्न पेशंट होते हे कागदावर होतं.

अटकेपार
सोमवार, सकाळी ६:१०

रानजाई, मी तुझ्याच क्षेत्रातला. बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) महाराष्ट्रात केलं, नंतर अमेरिकेत लायसन्स काढलं, आणि बरीच वर्षं इथल्या स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीत काम करतोय. म्हणजे रुग्णालयातून सुटलेले पण घरी जाण्याजोगे न झालेले म्हातारे लोक जिथे राहतात ती जागा. तुझ्याकडे आत्ता जे सुरू झालंय ते इथे खूप आधी सुरू झालं आणि त्याचे दोन्ही अवतार मी पाहिले आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

इथे ‘प्रॉडक्टिव्हिटी’ टक्क्यांत मोजतात. आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटांची ड्यूटी असेल आणि कंपनी ९० टक्के मागत असेल, तर ४३२ मिनिटं पेशंटवर थेट घालवलेली आणि बिलात धरता येणारी हवीत. उरली ४८. त्यात सगळ्या नोंदी, एका टोकाच्या खोलीतून दुसऱ्या टोकाला जाणं, सिस्टरशी बोलणं, मुलीला फोन करून घरी किती पायऱ्या आहेत ते विचारणं, आणि आजी बाथरूममध्ये असताना दाराबाहेर थांबणं, हे सगळं बसवायचं. बसत नाही. मग लोक क्लॉक आउट करतात आणि बिनपगारी बसून नोंदी लिहितात. नाहीतर पेशंट व्यायाम करत असताना त्याच्याकडे पाठ करून लॅपटॉप बडवतात.

आता पैशाचं. २०१९ पर्यंत मेडिकेअर (इथला मुख्यतः म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) या जागांना थेरपीच्या मिनिटांवर पैसे द्यायचं. सर्वांत वरची पायरी ‘अल्ट्रा हाय’, त्यासाठी आठवड्याला किमान ७२० मिनिटं. झालं, ज्याला त्याला ७२० मिनिटं. थकलेल्या, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसालाही. ७२० पार झाल्यावर मात्र एकाही जादा मिनिटाची गरज कोणाला वाटायची नाही. सरकारनं मोठे खटले भरले. जानेवारी २०१६ मध्ये रिहॅबकेअर या थेरपी पुरवणाऱ्या कंपनीनं आणि तिच्या मालक कंपनीनं १२.५ कोटी डॉलरवर तडजोड केली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लाइफ केअर सेंटर्स या अशा फॅसिलिटी चालवणाऱ्या कंपनीनं १४.५ कोटींवर. दोन्ही ठिकाणी सरकारचा आरोप एकच होता, की गरज नसलेली थेरपी वरच्या दरासाठी दिली.

१ ऑक्टोबर २०१९ ला पद्धत बदलली. आता पैसे मिनिटांवर नाहीत, पेशंटचा आजार आणि अवस्था यांवर. आम्हाला वाटलं सुटलो. त्याच आठवड्यात थेरपिस्ट कमी करायला सुरुवात झाली. कालपर्यंत ज्या आजीला दिवसाला दीड तास थेरपी ‘आवश्यक’ होती तिला एक तारखेपासून पाऊण तास पुरू लागला. चार-चार पेशंट गोल बसवून ग्रुप थेरपी वाढली. ग्रुप आणि एकाच वेळी दोघांना पाहणं मिळून २५ टक्क्यांच्या वर नको अशी मर्यादा आहे, ती नसती तर सगळंच ग्रुपमध्ये गेलं असतं.

तात्पर्य काढायचं तर हे, की पैसे मिनिटांवर असोत वा आजारावर, पेशंटला किती हवंय हा निर्णय हळूहळू थेरपिस्टच्या हातून निसटून बिलिंगकडे जातो. तो आपल्या हातात ठेवायचा तर तो रोजच्या नोंदीत दिसला पाहिजे. मी तीस मिनिटं ठरवून पंधराव्या मिनिटाला थांबलो तर का थांबलो ते लिहितो, ‘ऑक्सिजन ८६ वर आला, थांबवलं’. जास्त लागली तर तेही. मॅनेजर आकडा मागतो तेव्हा मी सांगतो, लायसन्स माझ्या नावावर आहे, कंपनीच्या नाही. खोटी नोंद सापडली तर लायसन्स देणाऱ्या बोर्डापुढे मी उभा राहणार.

बाथरूमवरून एक आठवलं. आजीला खुर्चीतून उठणं, वळणं, कमोडवर बसणं, परत उठणं शिकवणं ही खरीखुरी थेरपी आहे आणि ती बिनदिक्कत लिहावी. घरी गेल्यावर त्यांना नेमकं तेच लागणार आहे. टार्गेटमध्ये बसवायचं असेल तर अशा मार्गानं बसवा.

हिशेबनीस
सोमवार, दुपारी १:३०

मी एका रुग्णालयात ऑपरेशन्स बघतो. असे पडदे आणि असे आकडे माझ्यासारखेच लोक तयार करतात, म्हणून लिहिणं भाग आहे.

आकडा मोजायला सुरुवात का होते ते ऐका. आमच्याकडे फिजिओ ओपीडीची वेळ मिळायला पेशंटला आठवडा थांबावं लागायचं. मोजल्यावर कळलं की एक थेरपिस्ट दिवसाला बारा पेशंट बघतो आणि दुसरा चार, आणि चारवाल्याचे पेशंट काही जास्त अवघड नव्हते. बाहेर आठवडाभर खांदा धरून बसलेल्या माणसाशीही आपण काही देणं लागतो. न मोजण्यातही अन्याय असतो, फक्त तो कोणाला दिसत नाही. शिवाय कॅशलेसमध्ये टीपीए (विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणारी संस्था) पॅकेजचा दर ठरवून देतो, त्यातून कापतो, आणि पैसे उशिरा देतो. पगार मात्र एक तारखेलाच करावे लागतात.

आता रानजाई यांच्या मूळ मुद्द्याबद्दल. न झालेल्या सिटिंगची नोंद कोणत्याही शहाण्या हिशेबनिसाला नको असते. विमा कंपनीचे तपासनीस फाईल घेऊन बसतात तेव्हा वेळा जुळवून बघतात. संध्याकाळी ५:१० ला चेस्ट फिजिओ लिहिलेला आणि ४:५५ ते ५:४० पेशंट सीटी स्कॅनला गेलेला, असं एक पान सापडलं की पूर्ण क्लेम अडकतो आणि पुढच्या सगळ्या फाईली बारकाईनं तपासल्या जातात. हे तुमच्या एचओडींना (विभागप्रमुखांना) या भाषेत सांगून बघा. नीतीच्या भाषेत बोललात तर ते तुम्हाला हट्टी म्हणतील, या भाषेत बोललात तर ऐकून घेतील.

रानजाई
सोमवार, रात्री ९:५०

हिशेबनीस, मोकळेपणानं लिहिलंत, बरं वाटलं. बारा आणि चारची गोष्ट मला पटते, आमच्यातही असे लोक आहेत. पण तुमच्या मोजणीत गुडघ्याचे आजोबा आणि मान अवघडलेला आयटीवाला हे दोघे ‘एक-एक’ धरले जातात, तिथे माझं भांडण आहे. पॅरालिसिसचा पेशंट तर कोणी घ्यायलाच तयार होत नाही आता. सकाळी यादी लागते तेव्हा मानेचे पेशंट पटापट उचलले जातात आणि अर्धांगाचे काका तसेच उरतात, शेवटी नव्या मुलीच्या नावावर पडतात. टार्गेट यायच्या आधी हे नव्हतं. काका-काकूंना कळतं की आपल्याला कोणी घेत नाही.

सीटी स्कॅनचा मुद्दा उद्याच वापरते.

कृष्णामाई
सोमवार, रात्री ११:०५

मी जनरल सर्जन. सातारा जिल्ह्यात माझं १५ खाटांचं रुग्णालय आहे, त्याआधी सरकारी नोकरी केली आणि काही काळ एका मोठ्या कॉर्पोरेटमध्ये होतो.

कॉर्पोरेटमध्ये आम्हाला ‘कन्व्हर्जन’ विचारायचे. ओपीडीत पाहिलेल्यांपैकी किती जण ऑपरेशनला लागले, ॲडमिट किती झाले. पित्ताशयात खडा आहे पण काही त्रास नाही, अशा माणसाला ‘सध्या काही करायला नको’ सांगून घरी पाठवलं तर तो माझा चांगला निर्णय असतो, आणि त्यांच्या कागदावर तो तोटा असतो. ही गोष्ट कितीही समजावली तरी महिनाअखेरीला प्रश्न तोच. मी सोडून आलो. ज्यांची मोठी कर्जं आहेत, मुलं लहान आहेत, त्यांना सोडता येत नाही, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही.

स्वतःचं रुग्णालय काढल्यावर वेगळं दडपण, कटचं. पेशंट पाठवणाऱ्याला टक्केवारी. मी देत नाही, त्यामुळे येणारे पेशंट कमी आणि तेही बहुतेक नातेवाइकांच्या सांगण्यावरून आलेले. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत ६.४ कलमानं कमिशन देणं-घेणं दोन्ही बंद आहे, पण ती डॉक्टरला लागू, रुग्णालय चालवणाऱ्या कंपनीला नाही. महाराष्ट्रात २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीनं कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा केला. मसुदा झाला, कायदा झाला नाही.

आणि आकड्यांच्या मागे लागल्यावर काय होतं ते या देशानं छत्तीसगडमध्ये पाहिलंय. नोव्हेंबर २०१४, बिलासपूरजवळचं शिबिर. एका सर्जननं काही तासांत ८३ बायकांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया केल्या. एका दिवसात ३० च्या वर करू नयेत हा सरकारचाच नियम होता. डझनभराहून जास्त बायका गेल्या. कागदोपत्री टार्गेट १९९६ मध्येच रद्द झालेलं होतं! पण ‘अपेक्षित पातळी’ असं काहीतरी नाव देऊन ते खाली उतरतच राहिलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्यात अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा आणि टार्गेट लादू नका असं सांगितलं. मी सरकारी नोकरीत असताना मार्च महिना आला की आशा आणि एएनएम (गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्या आणि नर्स) मुलींचे चेहरे बघवायचे नाहीत. त्यांना कोणी विचारायचं नाही, की त्या बाईला खरंच हवंय का.

सदाफुली
मंगळवार, सकाळी ८:१५

मी तुमच्यातली नाही, पेशंटची मुलगी आहे. बाबांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा आम्ही काही दिवस एका रुग्णालयात होतो (नाव नको). मी दिवसभर बाबांच्या उशाशी असायचे. बिलात फिजिओ दिवसातून दोनदा होता, मी पाहिला तो एकदा. बिलिंगला विचारलं तर ‘तुम्ही खाली जेवायला गेलात तेव्हा झाला असेल’ म्हणाले. मी डबा खोलीतच खायचे.

रानजाईताईंची पोस्ट वाचून कळलं की पलीकडच्या बाजूलाही कोणीतरी याच गोष्टीवरून झगडतंय. तेव्हा आम्हाला वाटायचं, सगळे सामील आहेत.

पण त्याच रुग्णालयातली एक थेरपिस्ट मुलगी होती, तिचे उपकार विसरणार नाही. तिनं मला बाजूला घेऊन शिकवलं. लुळ्या हाताला धरून बाबांना कधीही वर ओढायचं नाही, खांदा निखळतो. कूस बदलताना हात खांद्यापाशी आणि कमरेपाशी ठेवायचा. दर दोन तासांनी कूस, टाचांखाली उशी अशी द्यायची की टाच अधांतरी राहील. पाणी पाजताना मान मागे टाकू द्यायची नाही. माझ्याकडून दोनदा करून घेतलं. घरी आल्यावर बाबांना एकही बेडसोर झाला नाही. ती आमच्या खोलीत अर्धा तास जास्त थांबायची तेव्हा तिचा फोन सारखा वाजायचा, तो कशासाठी वाजत होता ते आत्ता समजलं.

टेम्सपल्याड
मंगळवार, दुपारी ३:००

सदाफुली, इथून पुढे कधी गरज पडली तर: भारतात पेशंटनं किंवा अधिकृत नातेवाइकानं मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, तीच २००२ ची आचारसंहिता. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. बिलाशी नोंदी ताडून बघायला त्या मागाव्यात. एमआरडी (वैद्यकीय नोंदींच्या) विभागात अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

मी इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये (इथल्या सरकारी आरोग्यसेवेत) आहे, इमर्जन्सीत. इथे नफा नसतो, म्हणून हा प्रश्न इथे नसेल असं कोणाला वाटत असेल तर स्टॅफर्डचं उदाहरण बघा. इमर्जन्सीत आलेल्या पेशंटचा चार तासांत निकाल लावायचा, ॲडमिट करा किंवा घरी पाठवा, असं राष्ट्रीय टार्गेट आहे. हेतू चांगलाच होता. पूर्वी लोक ट्रॉलीवर रात्र काढायचे. पण स्टॅफर्डच्या रुग्णालयाला त्याच सुमारास ‘फाउंडेशन ट्रस्ट’चा, म्हणजे जास्त स्वायत्त रुग्णालयाचा, दर्जा हवा होता, त्यासाठी एक कोटी पौंड वाचवायचे ठरवले आणि नर्सेस कमी केल्या. वॉर्डात पेशंट ओल्या चादरींवर तासन्‌तास पडून राहिले, पाणी हाताशी नाही. तिथल्या हेलीन डॉनेली या नर्सनं तक्रारी केल्या, आणि पुढे चौकशीत सांगितलं की चार तास उलटून गेलेल्या पेशंटच्या वेळा खोट्या लिहायला स्टाफवर दबाव होता. रॉबर्ट फ्रान्सिस यांचा चौकशी अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला, २९० शिफारशी होत्या.

बघा, तिथेही सुरुवात खोट्या वेळेपासून. गिरणाकाठ मावशींच्या ८०-८०-८० सारखीच. वरच्यांना कागदावर सगळं हिरवं दिसत होतं, म्हणून कोणी खाली बघायला गेलं नाही. डॉनेलीबाईंना सहकाऱ्यांनी धमकावलं होतं, हेही खरं आहे. पुढे त्यांचा सन्मान झाला, पण आधीची ती वर्षं कोणी परत देत नाही. म्हणून रानजाई, एकटी लढू नकोस. तुझ्यासारखं वाटणारे दोघे-तिघे तरी असतीलच, त्यांना सोबत घे.

माळरान
मंगळवार, सायंकाळी ७:२०

लॅब टेक्निशियन आहे. गिरणाकाठ सिस्टरांच्या पोस्टला शंभर वेळा अनुमोदन. ‘नमुना गोठला, पुन्हा घ्यावा’ लिहिलं की वॉर्ड रागावतो, पण त्यावरून आकडा काढून द्यायचा तर तो कोणाच्या शरीराचा आकडा म्हणायचा?

हिशेबनीस
मंगळवार, रात्री १०:१५

अर्धांगाच्या काकांची गोष्ट दिवसभर डोक्यात होती. ही आमच्या मोजण्यातली चूक आहे आणि ती दुरुस्त करता येते. पेशंट मोजण्याऐवजी वजन देऊन मोजायचं. मान-पाठ एक, गुडघ्याचा पहिला दिवस दोन, ताजा पॅरालिसिस अडीच किंवा तीन, आयसीयू दोन, नातेवाइकांना शिकवणं एक. वजनं थेरपिस्टनीच ठरवावीत, घड्याळ लावून दोन आठवडे प्रत्यक्ष मोजून. मग काकांना घेणाऱ्याचा आकडा पडत नाही. दुसरं, सॉफ्टवेअरमध्ये ‘झाले’ सोबत ‘झाले नाही’ हा पर्याय आणि त्याचं कारण निवडायची सोय हवी: स्टाफ नव्हता, पेशंट तपासणीला गेला, पेशंटनं नकार दिला, प्रकृती ठीक नव्हती. महिनाभर ‘स्टाफ नव्हता’ किती वेळा आलं ते दाखवलं की संध्याकाळची दुसरी जागा मागायला तुमच्या हातात काहीतरी येतं. माझ्यासारखा माणूस ‘आम्ही फार दमतो’ या वाक्यावर जागा मंजूर करून घेऊ शकत नाही, या तक्त्यावर करू शकतो.

रानजाई
शुक्रवार, रात्री ११:३०

काय झालं ते सांगते. आम्ही तिघी मिळून एचओडींकडे गेलो. मी सीटी स्कॅनचं उदाहरण दिलं, आणि मागच्या महिन्यातले संध्याकाळच्या स्टाफचे आणि आयसीयू पेशंटचे आकडे, कोणाचं नाव न घालता, एका पानावर मांडून नेले. सर आधी चिडले. ‘मी खोटं लिहायला सांगितलेलं नाही’ म्हणाले. आम्ही म्हटलं, सर, मग तसं लेखी कळवा, म्हणजे नव्या मुलींना कोणी दुसरं सांगणार नाही. बराच वेळ गप्प बसले आणि मग हो म्हणाले. आज मेल आला आहे: जे सत्र झाले तेच नोंदवावे, न झालेल्याचे बिल लावू नये.

‘झाले नाही’चा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये यायला वेळ लागेल, तोवर आम्ही शेऱ्यात हातानं लिहितो आहोत. गुडघ्याच्या पहिल्या दिवसाला दोन सिटिंग धरायला मान्यता मिळाली. पॅरालिसिसचं अजून अडलेलं आहे, घड्याळ लावून मोजणं सोमवारपासून सुरू करतो आहोत. ओपीडीत काही बदललेलं नाही, तीन पडदे तसेच आहेत. अप्रेझलमध्ये काय लिहितात ते पुढच्या महिन्यात कळेल. माझ्याविरुद्ध गेलं तरी आता मला त्याचं पूर्वीइतकं वाटणार नाही, कारण मेल आलेला आहे आणि तो सगळ्यांना आहे.

अटकेपार
शनिवार, सकाळी ५:५५

झकास. लेखी आलं हे फार मोठं काम झालं. एक काळजी घे, घड्याळाच्या नोंदी ठेवताना पेशंटचं नाव, फाईल क्रमांक, फोनमध्ये फाईलचे फोटो, यातलं काहीही स्वतःजवळ ठेवू नकोस. त्यांची गोपनीयता मोडली तर उद्या सगळं तुझ्यावरच उलटेल. फक्त प्रकार, वेळ, मिनिटं.

पायवाट
शनिवार, सकाळी ११:४०

सगळा धागा वाचला. माझी बीपीटीएचची इंटर्नशिप संपत आली आहे आणि पुढच्या आठवड्यात दोन ठिकाणी मुलाखती आहेत. अशा ठिकाणी आत जायच्या आधी काय विचारावं म्हणजे अंदाज येईल?

रानजाई
शनिवार, दुपारी २:०५

पायवाट, दिवसाला किती पेशंट हे तर विचारच, पण त्यासोबत पॅरालिसिसचा आणि ऑपरेशनचा पहिला पेशंट कसा मोजतात तेही विचार. नोंदी ड्यूटीत लिहायच्या की नंतर, ते विचार. संध्याकाळी आणि रविवारी किती जण असतात, आणि तेव्हा आयसीयू कोण बघतं? नव्या मुलींना पहिले महिना-दोन महिने सीनियरसोबत ठेवतात का? हे विचारल्यावर समोरचा वैतागला, तर तेही तुझ्या प्रश्नाचं उत्तर समज. आणि मुलाखत झाली की लगेच निघू नकोस, विभाग दाखवा म्हण. पडद्याआड किती जण मशीन लावून एकटे पडलेत ते मोज, आणि जमलं तर संध्याकाळच्या ड्यूटीवर असलेल्या मुलीशी दोन मिनिटं बोल. वॉर्डातल्या मावशींनाही विचार, ‘इथे फिजिओवाले रोज येतात का हो?’ त्या खरं सांगतात.